बायफेशियल पॅनल आणि ३०% जादा विजेची थाप

"बायफेशियल पॅनल लावा. मागूनही वीज, ३०% जादा! कसेही बसवा, जुनाच इन्व्हर्टर चालतो, जास्त टिकतात. खाली आरसे ठेवा, आणखी वाढेल." बायफेशियल म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज करणारं सोलर पॅनल. त्याचा हा मेसेज फिरत फिरत काकांपर्यंत पोचला आणि ते आरशांची चौकशी करू लागले, म्हणून हे लिहिणं आलं.

आरशांपासूनच सुरू करतो, कारण इतका अडाणी सल्ला दुसरा नाही. पॅनलखाली सावली असते. तिथला आरसा दाखवणार काय, तर पॅनलचीच पाठ! कडेला उन्हात ठेवला तर उजेडाचा पट्टा मोजक्या सेलवर पडतो. सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात, करंट ठरवतो सगळ्यात कमी उजेडातला सेल. पट्ट्यातल्या जादा उजेडाची वीज होत नाही, नुसती उष्णता होते. आरशाऐवजी चकचकीत फॉइल अंथरली तर ती वाऱ्याने फाटून कुठेही उडते, डीसी कनेक्टरपर्यंतसुद्धा. पाठीला हवा पसरलेला, एकसारखा उजेड. तो पांढऱ्या मॅट रंगाने मिळतो. आणि रंग नुसता पॅनलखाली फासू नका. दोन रांगांमधल्या आणि कडेच्या उन्हातल्या स्लॅबवर द्या, उजेड आत शिरतो तो तिथूनच.

आता ३०%. आयईसी ६१२१५ या सोलर पॅनलच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२१ च्या आवृत्तीत बायफेशियलसाठी धरलेला उजेड असा: पुढून १०००, मागून १३५ वॅट प्रति चौरस मीटर. टॉपकॉन या प्रकारच्या सेलच्या पॅनलची पाठ पुढच्या बाजूच्या साधारण ८०% क्षमतेची. १३५ × ०.८ = १०८, म्हणजे जेमतेम ११%. ३०% साठी मागून ३७५ वॅट लागतील. साधा काँक्रीट स्लॅब उन्हाचा २० ते ३०% भागच परत फेकतो. तो सगळा पाठीवर पडला तरी ३०० च्या पुढे जात नाही, आणि सगळा कधीच पडत नाही. डेटाशीटमध्ये २५% पर्यंतचा तक्ता असतो खरा, पण तो "मागून एवढं मिळालं तर" असा असतो.

"कसेही बसवा" म्हणे! पत्र्यापासून चार बोटांवर बसवलं की पाठ असून नसल्यासारखी. खालची कड स्लॅबपासून अर्धा ते एक मीटर वर हवी, आणि उंचीबरोबर वाऱ्याचा भार वाढतो, तेव्हा अँकर त्या हिशेबाने. पॅनल ज्यावर बसतं ती रेल सेलच्या मागून नेऊ नका, फ्रेमच्या कडेखाली घ्या. केबलही फ्रेमलाच बांधा. काचा बहुधा २-२ मिमीच्या असतात. क्लॅम्प मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी, टॉर्क रेंचनेच आवळा. अंदाजपंचे आवळलं की काच कडेला तडकते.

इन्व्हर्टर: ५५० वॅटचं पॅनल साधारण १३ अँपिअर देतं, मागून १०% आले की १४.३. जुन्या इन्व्हर्टरच्या एमपीपीटीची (पॅनलकडून जास्तीत जास्त वीज ओढणाऱ्या भागाची) मर्यादा १२.५ असेल तर भर उन्हात मागची सगळी कमाई तिथेच छाटली जाते.

टिकतात हे मात्र मान्य. दोन्हीकडे काच असलेल्या पॅनलला मागे प्लॅस्टिकची बॅकशीट नसल्याने ओल आत शिरायला वाव कमी. तेवढ्यासाठी खुशाल घ्या, पण कोटेशन पुढच्या बाजूच्या वॅटवरच मागा आणि मागची वीज धरून पॅनलची संख्या कमी करू देऊ नका.