चामड्याचा नियम जाळीच्या बुटाला लावू नका

धावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘धावण्याचे बूट घट्टच घ्या, आठवड्यात सैल होतात. नेहमीचाच नंबर घ्या. ओल्या पावलाचा ठसा सपाट उमटला तर जादा आधाराचेच बूट घ्या, नाहीतर गुडघे गेले म्हणून समजा.’ नुकती धावायला लागलेली माणसं हे वाचून दुकानात जातात, म्हणून लिहितोय.

सैल होतं ते चामडं. नवी कोल्हापुरी चावते. तिला तेल पाजायचं, चार दिवस कळ काढायची, मग ती पायात बसते. धावण्याच्या बुटाचा वरचा भाग बहुतेक कृत्रिम धाग्याच्या जाळीचा असतो. ती चामड्यासारखी पायाचा आकार घेत नाही. तळाचा फोम दबतो, पण त्याने बुटाची लांबी वाढत नाही. माझा पहिला जोड मी असाच घट्ट घेतला होता. दोन महिन्यांनी बूट होता तेवढाच, आणि डाव्या अंगठ्याचं नख आधी जांभळं, मग काळं होऊन गळायला आलेलं. उतारावर पाय पुढे सरकतो आणि नख दर पावलाला बुटाच्या टोकावर आपटतं. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच. ते लांब बोट कित्येकांचं अंगठ्याशेजारचं असतं, हेही बघा. टाच हलत असेल तर लहान नंबर घेऊ नका. सगळ्यात वरच्या भोकातून नाडी ओवून बघा.

नंबराचं म्हणाल, तर प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. एकीचा आठ दुसरीच्या आठाला जुळेलच असं नाही. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हा जा. धावतानाचे मोजे घाला आणि मोठ्या पायाला होईल तोच नंबर घ्या.

ठशाची भीती तर सोडूनच द्या. सपाट ठसा म्हणजे पाऊल आत झुकतं, म्हणून जादा आधार हवा, असा त्यामागचा समज. अमेरिकी सैन्यात नव्या भरतीच्या जवानांना तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले. दुखापती फारशा घटल्या नाहीत. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्यांना एकाच प्रकारचे, जादा आधार नसलेले साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं. पाऊल आत झुकतं म्हणून कुणाला जास्त दुखापती झाल्या, असं २०१४ साली आलेल्या निष्कर्षांत दिसलं नाही. आधीपासूनच काही दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ठशाला विचारू नका.

दुकानात दोन्ही बूट घाला, नाड्या नीट बांधा आणि दारापर्यंत पळून या. कुठेही टोचलं तर तो जोड तिथेच ठेवा.