भिंतीवरच्या एसीपी पॅनलच्या मेसेजबद्दल खुलासा

गेले दोन दिवस नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘बाहेरच्या भिंतीवरचं एसीपी ॲल्युमिनियमचं आहे, ते पेटत नाही, आणि फायरची एनओसी एकदा मिळाली की पुढची जबाबदारी महापालिकेची.’ एसीपी म्हणजे ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनल, इमारतीला बाहेरून लावतात ते. मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आमच्या जिन्याखाली कामातून उरलेला एसीपीचा एक तुकडा पडलाय. त्याची कापलेली कड बघा. वर-खाली कागदासारखा पातळ पत्रा आणि मध्ये तीनेक मिलिमीटर काळं प्लास्टिक. साधं पॉलिथिलीन असेल तर ते भडकतं, वितळून थेंब खाली पडतात. त्यात पत्रा आणि भिंत यांच्यातली पोकळी धुराड्यासारखी आग वर ओढते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी हेच झालं. ७२ माणसं गेली. मधला थर खनिजयुक्त, आगरोधक असलेली पॅनल मिळतात, पण महाग. म्हणून बिलावर काय लिहिलंय ते पाहावं.

आता जबाबदारी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू ठेवणं मालकाचं किंवा वापरणाऱ्याचं काम आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून दर जानेवारी आणि जुलैत ‘बी’ फॉर्म अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. विभाग पाहणी करतो, त्रुटी दिसल्या तर नोटीस काढतो. पण हा फॉर्म मुख्यतः पंप, होज, स्प्रिंकलर चालतात का याचा, भिंतीवर कुठलं पॅनल आहे ते त्यात आपोआप कळत नाही (आमच्या सेक्रेटरींनाही हे आत्ताच कळलं!). ते वेगळं विचारावं लागतं, शक्यतो पॅनल चढवण्याआधी.