तबला पहिल्या दिवशी हवा

नाशिकमध्ये 'कंटेम्पररी' नाचाचा विषय निघाला की वाद ठरलेल्या गल्लीतून जातो. एक बाजू म्हणते, कथकची भेळ करून टाकली. दुसरी म्हणते, विशारद परीक्षेच्या पलीकडे काही करूच दिलं नाही तर पोरं पुण्या-मुंबईला जाणारच. मग कोणीतरी 'परदेशात बघा' म्हणतं आणि विषय मिटतो. परदेशात, म्हणजे इथे लंडनमध्ये, बघण्यासारखं आहे ते वेगळंच. नाच शुद्ध की भेसळीचा, यावर तालमीच्या खोलीत कोणी घसा कोरडा करत नाही. भांडण होतं ते नृत्यरचनाकार आणि संगीतकार यांच्यात, आणि तेही मात्रांवरून, म्हणजे तालाच्या मोजणीवरून. नाशिकच्या वादात हा संगीतकार तोंडी लावायलासुद्धा नसतो.

नवी रचना इथे बऱ्याचदा एक-दोन आठवड्यांच्या 'आर अँड डी'ने, म्हणजे नुसतं करून बघण्याने, सुरू होते. पोशाख नाही, प्रकाश नाही, कोपऱ्यात लॅपटॉप आणि छोटा कीबोर्ड घेऊन संगीतकार. तोच तुकडा वीस-वीस वेळा होतो. बघायला आलेला माणूस जांभया देतो. पण कान दिला तर पहिला घोळ लगेच सापडतो. नर्तक आठ-आठने मोजतात, संगीतकार आवर्तनं, म्हणजे तालाचे पूर्ण फेरे, मोजतो. संगीत सात मात्रांचं असेल तर दोघांची गाठ पडते थेट ५६ मात्रांनंतर. नर्तकांचा 'चौथ्या आठातला तिसरा' म्हणजे २७वी मात्रा. संगीतकाराच्या कागदावर तीच चौथ्या आवर्तनातली सहावी. दोघंही बरोबर आणि तालीम ठप्प. उपाय फार साधा: भिंतीवर मोठा कागद आणि तीन रकाने. एकात नर्तकांची मोजणी, दुसऱ्यात संगीताची, तिसऱ्यात हालचालीचं टोपणनाव. 'मांजर', 'दार', 'पडझड'. सगळ्यात जास्त कामी येतो तो तिसरा रकाना.

दुसरा घोळ उडीचा. नर्तक ४० सेंटिमीटर उडाला तर हवेत साधारण ०.५७ सेकंद राहतो. मिनिटाला १०४ मात्रांच्या लयीत एक मात्रा जवळपास तेवढीच, म्हणून उडी चपखल बसते. संगीतकाराने रात्री उत्साहाच्या भरात लय १२०वर नेली की मात्रा अर्ध्या सेकंदाची होते आणि नर्तकांचा अख्खा संच मागे पडतो. वेळेवर उतरायचं तर उडी ३० सेंटिमीटरवर आणावी लागते, आणि ती लगेच बसकी दिसते. नृत्यरचनाकार 'जोर कमी पडतोय' म्हणून ओरडत राहतो. जोराचा काही संबंध नसतो. (वजनाचाही नाही, हडकुळा आणि भरदार, दोघं तेवढाच वेळ हवेत असतात.) लय कमी करायची, नाहीतर उडीला दीड मात्रा द्यायची.

कथकच्या अंगाने काम करणाऱ्यांचा पेच याहून रंगतदार. १६ मात्रांच्या तीनतालात समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, उचललेली तिहाई (तोच बोल तीनदा, शेवट समेवर) घ्या: ५ मात्रांचा बोल, शेवटचा धा पाचवीवर, मध्ये १ मात्रा दम. ५+१+५+१+५ म्हणजे १७, आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. आता संगीतकार म्हणतो, हा भाग रूपक तालात घेऊ. सात मात्रांत तीच तिहाई तिसऱ्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर पडते. दम काढून टाकला तर ५+५+५, पंधरावी मात्रा, सम साधली. पण तिहाई शब्दशः बेदम होते. त्या एका मात्रेत नर्तकी चक्कर थोपवून नजर स्थिर करत होती, श्वास घेत होती. ती जागाच गेली. बोल ६चा आणि दम २चा केला तर बावीसावी मात्रा, तीही सम. श्वास मिळतो, पण ५ मात्रा वाढतात आणि तुकडा सैल पडतो. शिवाय रूपकाची सम 'खाली', म्हणजे बिनजोराची, तिथे पाय आपटून हवा तो घुमारा येतही नाही. तिसरा मार्ग धाडसाचा: समेवर सगळ्यांना निश्चल ठेवायचं आणि धा मुद्दाम तिसरीवर पडू द्यायचा. तबलावादक खोलीत असेल तर तिन्ही मार्ग दहा मिनिटांत करून बघता येतात. नसेल तर फाइली पाठवण्यात आठवडा जातो.

नाच आणि संगीत असं एकत्र घडवणं काही गोऱ्यांनी शिकवलेलं नाही. बॅले रचणाऱ्या पेतिपाने 'स्लीपिंग ब्यूटी'साठी संगीतकार चायकोव्हस्कीला लय आणि मात्रांचे हिशेब लिहून दिले होते, हे खरं. ते बॅले १८९०मध्ये रंगमंचावर आलं. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज दुसऱ्या टोकाला गेले: दोघांत ठरलेली फक्त लांबी, बाकी नाच वेगळा आणि संगीत वेगळं. पण कथक गुरू कुमुदिनी लाखियांनी अहमदाबादच्या आपल्या 'कदंब' संस्थेत संगीतकार अतुल देसाईंना सोबत घेऊन कथकच्या समूहरचना घडवल्या. लंडनमध्ये नर्तक अक्रम खान आणि संगीतकार नितीन साहनींचा 'काश' आला तो त्याच्या खूप नंतर, २००२मध्ये. अहमदाबाद नाशिकहून एका रात्रीच्या बसवर आहे. दाखला द्यायला इतक्या लांब यायची गरज नव्हती.

आणि इथलं सगळं सोन्याचं नाही. अनुदान देणाऱ्या आर्ट्स कौन्सिलच्या अर्जात रचना घडण्याआधीच तिच्याबद्दल पानभर लिहावं लागतं. स्टुडिओ तासावर मिळतो. कित्येक संगीतकार खोलीत फिरकतच नाहीत. मग नृत्यरचनाकार कोणाच्या तरी तयार ट्रॅकवर दोन आठवडे तालीम करतो, अंगाला त्याचीच सवय होते आणि खरं संगीत आलं की ते चुकीचं वाटतं. नाशिकचे वार्षिक कार्यक्रम या दुखण्याला चांगले ओळखतात. फरक इतकाच, की तिथे खरं संगीत शेवटपर्यंत येतच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून कच्चं द्यावं: नुसता ठेका आणि सूर, थर वेगवेगळे, म्हणजे हवा तो बंद करता येतो. लय शेवटच्या आठवड्यात गोठवायची, त्याआधी नाही.

नाशिकमध्ये एरवी रियाझ लेहऱ्याच्या, म्हणजे आवर्तनाची धून वाजवणाऱ्या, अ‍ॅपवर आणि तबलावादक रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी. पैसे वाचवण्याची ही सर्वांत महागडी जागा. तबलावादकाला सुरुवातीचे चार दिवस द्या, शेवटचे दोन कमी केले तरी चालतील. संगीतकार समोर वाजवणार असेल तर लॅपटॉप ते स्पीकर वायर लावा. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दशांश-पंचमांशाने मागे येतो, आणि १२०च्या लयीत तो घोटाळा ऐकू येतो. रबरी मॅट अंथरली तर अनवाणी चक्करांना ती टाच पकडते, सोलवटते. पावडर टाकू नका, पुढचा नर्तक घसरेल.

आणि एखाद्या दुपारी ही तालीम लोकांना बघायला उघडी ठेवा. साईखेडकर नाट्यगृह असो की क्लासची गच्ची. तीस-चाळीस माणसं पुरे, हार-तुरे नकोत. लंडनच्या प्रेक्षकाला सम कुठे पडते हे सहसा ठाऊक नसतं, त्यामुळे ती मुद्दाम चुकवली तरी त्याला पत्ता लागत नाही. तो नम्रपणे टाळ्या वाजवतो. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी अखेरची वर्षं ज्या पंचवटीत काढली, तिथल्या श्रोत्यांच्या माना समेला आपोआप हलतात. तिहाई रूपकात तिसऱ्या मात्रेवर पडली, की दुसऱ्या रांगेतले काका शेजाऱ्याकडे वळून बघतील.