काकांनी घातलेली टोपी

ठाण्यात नौपाड्यातली काकूंची इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळा उपसायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तांब्याचा बंब, बिनझाकणाचे डबे, बिनडब्यांची झाकणं आणि सगळ्यांत खाली, गोणपाटात गुंडाळलेली काकांची रणगाड्यातली टोपी.

आमच्या नातेवाइकांत ही टोपी प्रसिद्ध. सप्टेंबर १९६५. पंजाबातलं खेमकरण. आपल्या जवानांनी पकडलेला पाकिस्तानी पॅटन रणगाडा, त्यातून निघालेली टोपी, आणि ती "आठवण म्हणून ठेवा" म्हणत काकांच्या हातात देणारा एक मेजर. आता काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात स्टोअरकीपर. गोळीशी त्यांचा संबंध रक्तदाबाच्या गोळीपुरता. मेजर त्यांना भेटला कुठे, हे कुणी विचारायचं नाही असं नाही, पण गोष्ट सांगताना काका टोपी घालून बसायचे आणि ती घातली की त्यांना प्रश्न ऐकूच जायचे नाहीत.

नवी इमारत उभी राहीपर्यंत काकू आमच्याकडे आल्या, टोपीसकट. "ही घरात राहणार असेल तर कुठली, कधीची ते शोधून काढ," बायको म्हणाली. "नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते."

भंगारवाला तसाही आला. टोपी हातात तोलून म्हणाला, "साहेब, यात लोखंडच नाही." मला धक्काच बसला. खरंच नव्हतं. काळं जाड कापड, डोक्यावर ठासून भरलेल्या वळकट्या, जणू लहान मुलाची गादी गुंडाळून टाके घातलेत. कानांवर रव्याच्या लाडवाएवढे फुगवटे, त्यांत इअरफोन. गळ्याशी पट्टा आणि पट्ट्यावर दोन काळ्या चकत्या. गोळी अडवायला रणगाड्याचं पोलाद असतंच. ही टोपी आत बसलेल्याचं डोकं त्याच पोलादावर आपटू नये म्हणून. आणि त्या चकत्या म्हणजे माईक. तोंडासमोर नाही, थेट गळ्याला टेकणारा. गळ्याची थरथर तेवढी उचलतो, इंजिनाचा गोंगाट बाहेर ठेवतो. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाशेजारी राहून सहा वर्षं फोनवर "हां? काय?" करणाऱ्या माणसाला हे कळल्यावर काय वाटलं असेल!

मग सुरू झाल्या माझ्या रात्री. पॅटन अमेरिकी, म्हणून आधी अमेरिकी टोप्या पाहिल्या. दुसऱ्या महायुद्धातली त्यांची टोपी कडक, वर हवेसाठी भोकं, दिसायला थेट त्यांच्या फुटबॉलच्या हेल्मेटसारखी. आणि दिसणारच, कारण बनवणाऱ्यांत रॉलिंग्ससारख्या खेळाच्या सामानाच्या कंपन्या होत्या. आमच्या वळकट्या तिच्या जवळपासही जात नव्हत्या. इटलीची काळ्या चामड्याची, कडेने गुबगुबीत गोल. जर्मनांनी तर सुरुवातीला आत गादी घातलेली बेरे टोपीच डोक्यावर चढवली होती. वळकट्या सापडल्या रशियात. पण तिथे वेगळंच दुखणं: त्यांनी हा नमुना इतकी वर्षं चालवला की साठच्या दशकातली आणि ऐंशीच्या दशकातली टोपी शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी. नुसत्या रूपावरून वय सांगणं अशक्य. रूपावरून वय सांगायच्या भानगडीत मी लग्नानंतर पडलेलोही नाही.

"आत शिक्का असेल," तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले आणि भिंग घेऊन बसले. अस्तरावर पुसट शिक्का होता. त्यांनी वाचला: "पी ए तीन एम ई पी. पुढे अठ्ठावन्न." भिंग खाली ठेवून त्यांनी निकाल दिला, "१९५८! म्हणजे पासष्टच्या लढाईत सात वर्षं जुनी. तंतोतंत!" पॅटनमध्ये रशियन टोपी कशी, हे मी विचारलं. "कुणाकडून तरी ढापलेली असेल," ते म्हणाले. काकूंनी शिरा केला. काकांच्या फोटोला ताजा हार आला.

मी मात्र रात्री दीडला रशियन अक्षरं गिरवत होतो. तिकडे पी म्हणजे 'र'. आणि तीनचा आकडा हा आकडाच नव्हे, 'झ'. पी ए तीन एम ई पी म्हणजे राझमेर. राझमेर म्हणजे माप. काकूंच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली, अंधारात स्वतःच्या डोक्याला गुंडाळली. अठ्ठावन्न सेंटिमीटर.

शिरा पचला होता. सांगणार कसं?

रविवारी टोपी पिशवीत घालून गावदेवीला जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडे निघालो. मागे बायको, बिनहेल्मेटची. तीन हात नाक्यावर हवालदार दिसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घाल ती पटकन!"

हवालदारांनी आमच्याकडे बराच वेळ नुसतं पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "ताई, काढा." टोपी उलटी केली, अंगठ्याने दाबली, कानाचा फुगवटा बाहेर ओढला. "आयएसआय मार्क कुठाय?"

"अहो, ही रणगाड्यातली आहे."

"मग रणगाडा आणायचा." कानामागचं अस्तर त्यांनी उलगडलं, जिथे मी आठवडाभर बोट घातलं नव्हतं. "हे बघा. १९८४, पुढे आर. मालाची तारीख असते कुठेतरी, फक्त हुडकावी लागते. आम्ही दिवसभर हेल्मेटंच उलटी करतो."

आर नव्हता तो. रशियनांचं छोटं 'ग'. गोद, म्हणजे साल. माझ्या दहा रात्री आणि हवालदारांचा एक अंगठा. चलन मात्र त्यांनी फाडलंच.

घरी येऊन काकूंसमोर बसलो. घसा खाकरला. म्हटलं, काकू, टोपी रशियन आहे, आणि चौऱ्याऐंशीची आहे. म्हणजे पासष्टच्या लढाईला ती एकोणीस वर्षं उशिरा पोचली. सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये फुटल्यावर असला माल जगभरच्या बाजारांत आला होता, त्यातलीच असणार.

काकू मटार सोलत होत्या. थांबल्या नाहीत.

"ब्याण्णवच्या गणपतीत त्यांना मिक्सरचं भांडं बदलून आणायला मुंबईला पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "आले चोर बाजारातून हे घेऊन. भांडं कुठाय विचारलं, तर खेमकरण सांगायला लागले. मी म्हटलं सांगू दे, मेजरपर्यंत कसे पोचतात बघू."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग शिरा?"

"तुम्ही सगळे एवढे खूश होतात." त्यांनी एक मटार तोंडात टाकला. "चलन कितीचं झालं?"

"पाचशे."

"त्यांना दीडशेला पडली होती," काकू म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.