मासळीचा भाव कळवणं म्हणजे भाव ठरवून देणं नव्हे

गेल्या रविवारी करंजाला मामांकडे गेले होते. पावसाळी बंदीचे दिवस, बोट वर ओढून ठेवलेली, मामा ओटीवर जाळं सांधत बसलेले. मला बघताच त्यांनी मोबाईल पुढे केला. "हे वाच. तू युरोपची कागदं करतेस ना? मग आम्हाला आधी का नाही सांगितलंस?"

मेसेज असा होता. युरोपियन युनियनमध्ये कायदाच आहे की २७ही देशांनी मासळीचे भाव रोज ब्रुसेल्सला, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाला, कळवायचे आणि ब्रुसेल्स दुसऱ्या दिवशीचा भाव ठरवून देतं. प्रत्येक मच्छीमाराचं नाव, बोट आणि कमाई इंटरनेटवर टाकली जाते. मासळी विकणाऱ्या बाईलाही वाट्यावाट्याची पावती करावी लागते. भाव लपवला तर लायसन्स जातं. व्यापार कराराच्या आडून हेच आता आपल्याकडे येतंय, म्हणून बंदरावर नोंद घ्यायला येणाऱ्या मुलांना काहीही सांगू नका.

फॉरवर्ड म्हणून सोडून दिला असता. पण मामांनी तो मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवला होता, आणि १ ऑगस्टला बोटी निघाल्या की नोंद द्यायची नाही असं चौघा-पाचजणांनी ठरवूनही टाकलं होतं. हे ऐकून माझं डोकं फिरलं. त्यामुळे शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण आपल्या माणसांचं नुकसान त्यानेच होणार आहे.

मी तळोज्याला मासळी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते. बंदरावर वही घेऊन येणारी मुलं एमपीडाच्या, म्हणजे समुद्री मालाची निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या, कामाची असतात. कोणती बोट आली, काय मासळी उतरली, किती उतरली, एवढं ती लिहून घेतात. त्या नोंदीवर पुढे कॅच सर्टिफिकेट, म्हणजे मासळी नियमाने पकडल्याचा दाखला, उभं राहतं. समुद्रात पकडलेली मासळी युरोपात न्यायची तर २०१०च्या १ जानेवारीपासून हे सर्टिफिकेट लागतं. चोरटी मासेमारी रोखायला त्यांनी २००८मध्ये जो नियम केला, त्यातून ते आलं. फॉर्म मी रोज हाताळते. त्यात बोटीचं नाव आहे, नोंदणी क्रमांक आहे, परवाना, मासळीची जात, कुठे आणि कधी पकडली, वजन. भावाचा रकानाच नाही! म्हणजे ज्या वहीला घाबरून गप्प बसायचं ठरलंय, त्या वहीतून निघणाऱ्या युरोपच्या कागदावर भाव जातच नाही.

आणि गप्प बसल्यावर काय होतं ते मी बघितलंय. मागच्या हंगामात तीन बोटींच्या नोंदी जुळेनात म्हणून माकुलाचा (स्क्विडचा) एक माल युरोपच्या ऑर्डरमधून काढून दुसरीकडे वळवावा लागला. तिकडे दर कमी होता. पुढच्या खेपेला आमच्या खरेदीच्या माणसाने त्याच तीन बोटींना कमी भाव बोलला. कागद नाही तर युरोपचा भाव नाही, इतका सरळ हिशेब आहे. मेसेज लिहिणाऱ्याच्या खिशातलं काही जाणार नाही. जाईल ते मामांचं.

आता ब्रुसेल्स भाव ठरवतं, या मुद्द्याकडे येते.

नाही ठरवत. सदस्य देशांना भावाची माहिती द्यावी लागते हे खरं आहे आणि ते कायद्यानेच आहे. पण कळवणं वेगळं, ठरवणं वेगळं. बंदरावर किंवा लिलावघरात मासळी पहिल्यांदा विकली जाते तो भाव लिलावातच फुटतो, जसा आपल्याकडे फुटतो. तो फुटल्यावर विक्रीच्या चिठ्ठीवर लिहायचा आणि ती सरकारला द्यायची, एवढीच सक्ती आहे. मुख्य नियम २००९चा, क्रमांक १२२४. त्याच्या ६२व्या कलमात ही जबाबदारी कुणाची ते लिहिलंय: नोंदणी झालेले खरेदीदार, नोंदणी झालेली लिलावघरं, किंवा देशाने नेमून दिलेले इतर. म्हणजे ही चिठ्ठी मुळात घेणाऱ्याने द्यायची. मूळ नियमात मुदत ४८ तासांची होती, आणि पहिल्या विक्रीची वार्षिक उलाढाल २ लाख युरो किंवा त्याहून जास्त असेल तर २४ तासांत, तीही इलेक्ट्रॉनिक. २०२३मध्ये नियम सुधारला, कागद बंद करून सगळं इलेक्ट्रॉनिक करण्याकडे त्याचा रोख आहे. पण चिठ्ठी कुणाकडे जाते? ज्या देशात विक्री झाली त्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे. बोट दुसऱ्या देशाची असेल तर तो देश तिची प्रत बोटीच्या देशाला देतो. दुसऱ्या दिवशीचा भाव ठरवून देणारं ऑफिस या साखळीत कुठेच बसत नाही.

याखेरीज २००६चा १९२१ क्रमांकाचा आकडेवारीचा नियम आहे. वर्षभरात किती मासळी उतरली आणि तिचा सरासरी दर काय होता, हे देशांनी वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत कळवायचं. रोज नाही, वर्षातून एकदा.

आणि "२७ही देशांनी"? ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी, लक्झेंबर्ग या पाच देशांना समुद्रच नाही. तिथे कोणत्या बंदरावर रोज बोट लागणार आणि कसला भाव कळवणार? नकाशा उघडला असता तरी हे कळलं असतं. तेवढीही तसदी न घेता हजारो लोकांना घाबरवायचं, याचा मला राग येतो.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, जिवावर आलं तरी. भाव ठरवण्याची गोष्ट पूर्ण हवेतून आलेली नाही. मासळीच्या बाजारासाठी युरोपने पहिला सामाईक नियम १९७०मध्ये केला, आणि तिथून २०१३पर्यंत काही जातींसाठी दरवर्षी एक मार्गदर्शक भाव ठरत असे. शेवटच्या, म्हणजे २०००च्या १०४ क्रमांकाच्या नियमात तो आधीच्या तीन हंगामांच्या सरासरीवरून काढायचे, आणि सदस्य देशांनी बंदरावरचे भाव कळवायचे ते त्यासाठीच. बाजार त्या भावाच्या बराच खाली, ७० ते ९० टक्क्यांच्या मध्ये ठरलेल्या रेषेखाली गेला, तर मच्छीमारांच्या संघटना मासळी बाजारातून काढून घ्यायच्या आणि त्यांना भरपाई मिळायची. तेव्हा ब्रुसेल्सचा हात भावात होता, हे खरं. पण तो हात खालून आधार द्यायला होता. लिलावात जास्त भाव मिळाला तर तो कुणी अडवत नव्हतं. आणि ती पद्धतही गेली. २०१३च्या १३७९ क्रमांकाच्या नियमाने ती मोडीत काढली, १ जानेवारी २०१४पासून. त्यानंतर काही वर्षं फक्त मासळी साठवून ठेवायला मदत मिळायची, तीही २०१८च्या अखेरीस थांबली. मेसेज लिहिणाऱ्याने दहा-बारा वर्षांपूर्वी मेलेली गोष्ट उकरून काढली आणि उलटी करून सांगितली. आधार होता, त्याला फास म्हटलं.

नाव आणि कमाई इंटरनेटवर टाकतात, हा मुद्दा मामांना सगळ्यात जास्त झोंबला होता. "आपला भाव जगाला कशाला सांगायचा गो?" असं ते तीनदा म्हणाले. त्यांचं म्हणणं मी समजू शकते. कुणाला किती मिळाले हे गावात कळलं की उधार मागणारे दारात येतात. पण युरोपात तसं होत नाही. चिठ्ठीवर बोटीचं नाव असतं, ती अधिकाऱ्यांकडे जाते, आणि त्याच १२२४ क्रमांकाच्या नियमात ११२वं आणि ११३वं कलम वैयक्तिक माहिती आणि धंद्याची गुप्तता जपण्यासाठी आहे. लोकांना दिसतं ते वेगळं. २०१३मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या यंत्रणेने, युमोफा नावाची बाजार-निरीक्षण व्यवस्था लोकांसाठी खुली केली. तिची साइट कुणीही उघडावी, पैसे लागत नाहीत. तिथे देश, जात, आठवडा, एकूण वजन आणि सरासरी दर दिसतो. कुणा मच्छीमाराचं नाव किंवा त्याची कमाई मला तिथे कधी दिसलेली नाही, आणि मी ती साइट कामासाठी दर आठवड्याला उघडते. १३७९ क्रमांकाच्या नियमाचं ४२वं कलम कमिशनला सांगतं की बाजाराची माहिती लोकांना समजेल अशा रीतीने खुली करा, आणि सदस्य देशांनी त्याला हातभार लावावा. कायद्यातलं "कळवा" हे आहे. त्याचा मतलब मच्छीमाराला उघडं पाडण्याचा नाही, बाजार उघडा करण्याचा आहे.

बाकीचे मुद्दे पटकन. बाजारात वाटा लावून बसलेल्या बाईचा या चिठ्ठीशी संबंध नाही, चिठ्ठी पहिल्या विक्रीची असते. आणि पहिल्या विक्रीतसुद्धा २००९च्या मूळ नियमात स्वतःच्या घरी खायला ३० किलोपर्यंत घेणाऱ्याला सूट होती. लायसन्स रद्दची धमकी तर उलट्या माणसाच्या नावाने घातली आहे, कारण चिठ्ठी न दिल्याचा पहिला जाब घेणाऱ्याला आणि लिलावघराला विचारला जातो. देशाने कुचराई केली तर कमिशन त्या देशाला युरोपच्या न्यायालयात खेचू शकतं. आणि भारत हा सदस्य देश नाही. व्यापाराचा करार केल्याने कुणी सदस्य होत नाही, सदस्य देशांवरची कर्तव्यं आपल्यावर येऊन पडत नाहीत. माल घ्यायला ते अटी घालतात, कॅच सर्टिफिकेट त्यातलंच, पण आपल्या डॉकवरचा लिलाव ब्रुसेल्सला कळवा अशी अट मी आजवर एकाही कागदावर वाचलेली नाही.

अजून एक कबुली देते. उघड्या भावाचा फायदा आज आपल्याकडे मोठ्या घेणाऱ्यालाच जास्त होतो. तळोज्यातला माणूस युरोपचे दर बघून खरेदीला बसतो. मामांना ते दर दिसत नाहीत, दिसले तरी युरोमध्ये आणि इंग्रजीत. आपल्याकडेही राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळ बाजारांचे भाव साइटवर देतं, कोचीची सीएमएफआरआय ही केंद्राची सागरी मत्स्य संशोधन संस्था किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीच्या किमतीचा दरवर्षी अंदाज काढते. पण पहाटे लिलाव चालू असताना मामांना त्याचा काय उपयोग? तर तक्रार करायचीच असेल तर ही करा, की भाव आमच्यापर्यंत पोहोचत नाही. भाव उघड होतो म्हणून ओरडू नका.

हे सगळं सांगूनही मामा हलले नाहीत. तेव्हा मी त्यांची वही मागितली. लाल कापडी पाठीची, हिशेबाची. एका पानावर गेल्या हंगामाची एक फेरी. "पापलेट, हलवा, माकूल, बाकी" असं लिहिलेलं आणि समोर एकच रक्कम. खाली बर्फ वजा, डिझेल वजा, उचल वजा. कोणत्या जातीला किलोला काय लागलं ते कुठेच नाही. मी विचारलं, "पापलेट काय भावाने गेलं?" ते म्हणाले, "दलाल सांगतो ना." "लिहून देतो?" "तोंडी सांगतो."

मग मोबाईलवर त्याच १२२४ क्रमांकाच्या नियमाचं ६४वं कलम उघडून युरोपच्या चिठ्ठीवर काय काय लागतं ते मराठीत वाचून दाखवलं. बोट. बंदर आणि उतरवल्याची तारीख. तांडेलाचं (बोट चालवणाऱ्याचं) किंवा मालकाचं नाव. मासळीची जात, जातवार वजन. विक्रीची जागा आणि तारीख. भाव, कर सोडून. घेणाऱ्याचं नाव आणि त्याचा कर क्रमांक.

"थांब," मामा म्हणाले. "घेणाऱ्याचं नाव?"

"हो."

"आणि जातवार भाव, लिहून?"

"लिहून. आणि ती चिठ्ठी सरकारकडे पाठवायची जबाबदारी घेणाऱ्याची."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. वहीतल्या त्या एका रकमेवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग म्हणाले, ऑगस्टमध्ये त्या वहीवाल्या पोराला वजन सांगू, ते ठीक, पण सोसायटीत हे मी सांगितलं तर कोण ऐकणार, तूच ये. बैठक पुढच्या रविवारी आहे. मी जाणार आहे, ६४व्या कलमाची मराठी प्रत काढून. तोवर तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हे टाका, आणि १ ऑगस्टनंतर बंदरावर वही घेऊन मुलगा आला तर त्याला बोटीचं नाव आणि वजन नीट सांगा.