पंपाला बोलता आलं पाहिजे
शेतपंपाच्या मोबाईल स्टार्टरला (फोनवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी) २जी सोडून एनबी-आयओटी (छोट्या यंत्रांसाठीचं मोबाईल नेटवर्क) लावा, हा तुमच्या लेखातला सल्ला पटला नाही. एनबी-आयओटीवर कॉल होतच नाही, फक्त थोडा थोडा डेटा जातो. आमच्या स्टार्टरला फोन लावला की तो मराठीत सांगतो, 'लाईट आहे, मोटर बंद आहे', मग बटण दाबायचं. रात्री २ वाजता थ्री फेज आली की वडील गोधडीतूनच हे उरकतात. त्यांच्या साध्या फोनवर ॲप कुठलं चालायला?

२जीवर कायम भिस्त नको, हे मान्य. जिओकडे तर ते कधी नव्हतंच. पण मग व्होल्टीईवाला (४जीवरून कॉल करणारा) एलटीई कॅट-१ मॉड्यूल, म्हणजे यंत्रात बसवायचा साधा ४जी भाग, सुचवा, त्यात कॉल चालतो. महाग पडतो, पडू दे. आणि अँटेना पत्र्याच्या पेटीबाहेर काढा, एवढं तरी लिहायचं होतं राव!