यार्डातला ड्रायव्हर हा ड्रायव्हरच

वेर्ण्यापासून कुंडईपर्यंत गोव्यातल्या कुठल्याही मोठ्या कारखान्यात जा, दिवसभर गेटच्या आतच, म्हणजे कारखान्याच्या यार्डात, फिरणारी एक गाडी दिसेल. रिकामा ट्रेलर उचलायचा, डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला, लावायचा, भरलेला काढून रांगेत उभा करायचा, मध्येच वजनकाट्यावर न्यायचा, एका शेडचा माल दुसऱ्या शेडला पोचवायचा. ती गाडी मी चालवतो. "आतल्या आत तर फिरवायची, त्याला ड्रायव्हर कशाला पाहिजे" असं आमच्याबद्दल सर्रास बोललं जातं. माझ्या मते हे साफ चुकीचं आहे, आणि या समजुतीपायी माणसांच्या जिवाला धोका होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी बाहेरची गाडीही चालवलीय. डिचोली-सत्तरीकडच्या माझ्या वयाच्या कितीतरी जणांसारखा मी टिप्परवर होतो. खाणीवर खनिज भरायचं, आमोण्याच्या जेटीवर ओतायचं, तिथून बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे, आम्ही परत खाणीवर. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. दारात उभ्या टिप्परचे टायर उन्हापावसात कुजले, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. मग जो तो मिळेल त्या कामाला लागला. कोण बसवर, कोण टॅक्सीवर, आणि आमच्यातले बरेच जण औद्योगिक वसाहतींत. दोन्ही कामं केल्यावर सांगतो, यार्डातलं काम जास्त कठीण आहे. इथे वेग नसतो आणि किलोमीटरही पडत नाहीत, म्हणून ते कठीण आहे हे बघणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

रस्त्यावर गाडी पुढे जाते. यार्डात अर्धं काम मागे जाण्याचं. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर बॅक घेताना ट्रेलरचं शेपूट उजवीकडे हवं असेल तर स्टेअरिंग आधी डावीकडे कापायचं, आणि ट्रेलर वळायला लागला की लगेच स्टेअरिंग फिरवून त्याच्या मागे जायचं. उशीर झाला तर गाडी आणि ट्रेलरची घडी पडते. उजवीकडे वळत असेल तर ड्रायव्हर साइडच्या खिडकीतून शेपूट दिसतं तरी. क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, घ्यायचा असेल तर आरशात फक्त कंटेनरचा पत्रा दिसतो. पलीकडे भिंत आहे, पॅलेट आहे की माणूस, हे केबिनमधून कळायला मार्ग नाही. आणि डॉकवर दोन्ही बाजूंना आधीच गाड्या लागलेल्या असतात.

ट्रेलर जोडणं-सोडणं हे तर वेगळंच शिक्षण. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालची जाड पिन, किंगपिन, गाडीच्या मागच्या जबड्यात बसली की 'खट्ट' आवाज येतो, पण त्या आवाजावर विसंबायचं नसतं. ट्रेलरचे ब्रेक लागलेले असताना गाडी हळूच पुढे ओढून बघायची, मग खाली उतरून वाकून जबडा बंद झालाय का ते डोळ्यांनी बघायचं, त्यानंतरच ट्रेलर सोडल्यावर ज्यांवर उभा राहतो ते त्याचे पुढचे पाय वर घ्यायचे. अर्धवट बसलेली पिन वळणावर सुटली तर भरलेला ट्रेलर तोंडावर आपटतो. सोडताना हवेचा पाईप काढला की ट्रेलरचे ब्रेक लागतात, हे खरं. पण जुन्या ट्रेलरमध्ये ते ब्रेक त्याच्या टाकीतल्या हवेवर धरून असतात. रात्रभरात हवा उतरली की ब्रेकही सुटतात. म्हणून चाकाखाली ठोकळा लावल्याशिवाय ट्रेलर सोडायचा नाही. पावसाळ्यात पायांखाली जाड फळी घालावी लागते, कारण आपल्याकडचा लाल मातीचा भराव जून-जुलैत पाणी पिऊन मऊ होतो आणि ट्रेलर एका अंगाला कलतो. हे कुणी कागदावर लिहून दिलेलं नसतं. जुना ड्रायव्हर नव्याला शिकवतो. जुना सोडून गेला तर ते ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

सगळ्यात जास्त भीती मला डॉकची वाटते. फोर्कलिफ्ट ट्रेलरच्या पोटात शिरलेली असते. तिचा ड्रायव्हर, जो बहुतेकदा आमच्यासारखाच काँट्रॅक्टवरचा असतो, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. डिस्पॅचमधून कुणीतरी ओरडतं, "झालं, काढ गाडी!" आणि खरं तर झालेलं नसतं. गाडी हातभर पुढे सरकली की डॉक आणि ट्रेलरमध्ये फट पडते आणि बाहेर येणारी फोर्कलिफ्ट माणसासकट त्या फटीत जाते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. माल भरून होईपर्यंत गाडीची चावी डॉकवरच्या माणसाकडे ठेवायची, तो स्वतः आणून देईल तेव्हाच गाडी सुरू करायची. गाडी न जोडता उभ्या ठेवलेल्या ट्रेलरमध्ये फोर्कलिफ्ट पार पुढच्या टोकापर्यंत गेली तर तो नाकावर कलंडू शकतो, त्यासाठी पुढे खाली लोखंडी टेकू लावायचा. दोन्ही गोष्टींना फारसा खर्च नाही. लागते ती शिस्त, आणि ती वरून यावी लागते. ज्या माणसाला तुम्ही ड्रायव्हरच मानत नाही, त्याने डॉकवर उभं राहून "चावी हातात आल्याशिवाय गाडी काढणार नाही" असं सुपरवायझरला सांगावं ही अपेक्षा कशी करता?

आता कायद्याबद्दल, कारण इथे बरीच गल्लत होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातूनच फक्त कारखान्याच्या आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास वाहनं वगळलेली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या प्रकरणात सांगितलं की कुंपणाच्या आतलं आवार ही सार्वजनिक जागा नव्हे, त्यामुळे फक्त तिथेच वापरलेल्या वाहनांवर मोटार वाहन कर लागत नाही. कराच्या बाबतीत मला हे पटतं. जी गाडी सरकारी रस्ता वापरतच नाही तिने रस्त्याचा कर का भरावा?

पण कराबरोबर रस्त्याची शिस्तही गेटवरच राहते, आणि तिच्याकडे बघणारं कुणी उरत नाही. बाहेर फिटनेस तपासला जातो, ट्रॅफिक पोलीस असतो, लायसन मागितलं जातं. म्हणूनच रस्त्यावर चालेनाशी झालेली गाडी यार्डात येते. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या मालट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, ही चांगली गोष्ट आहे. पण यार्डात नवीन ट्रक येतो कधी? मे महिन्यात वेर्ण्याच्या पठारावर दुपारी दोन वाजता जुन्या केबिनमध्ये खाली इंजिन आणि वर पत्रा असतो, त्यात माणूस किती वेळ सावध राहील? आणि जेवणाच्या सुट्टीत सगळं यार्ड माणसांनी भरलेलं असतं, कोण मोबाईल बघत चाललेला, कोण दोन ट्रेलरच्या मधून वाट काढणारा. ४ मार्चला सुरक्षा दिन असतो. बॅनर लागतात, शपथ होते, मशीनवरच्या कामगारांना प्रशिक्षण मिळतं. मी काम केलेल्या एका कारखान्यात त्या कार्यक्रमाला यार्डातल्या कुणाला बोलावलंच नव्हतं. गाड्या लावायच्या होत्या ना.

त्याच कारखान्यात (नाव लिहीत नाही) काँट्रॅक्टरच्या रजिस्टरवर माझं पद 'हेल्पर' होतं. हेवी लायसनची झेरॉक्स मात्र पहिल्याच दिवशी घेतली होती. पगार हेल्परचा, जबाबदारी ट्रेलरची. पगार एक वेळ सोडा. तिथून बाहेर पडताना अनुभवाच्या दाखल्यावरही हेल्परच आलं, आणि पुढच्या ठिकाणी मला विचारलं, "ट्रेलरचा अनुभव आहे का?"

हे काम वाईट आहे असं मात्र मी कुणाला सांगत नाही. चोर्ला घाटातून माल घेऊन येणारे बेळगावकडचे ड्रायव्हर गेटवर रांगेत रात्र काढतात, डासांत झोपतात, त्यांच्याशी बोललं की कळतं आपल्याला काय मिळालंय. मी रोज घरी जेवतो. मुलीचा अभ्यास घेतो. चवथीला घरी असतो. दोडामार्ग-बांद्याकडून रोज बाईकने येणारी पोरंही याच कारणासाठी हे काम धरतात, आणि धरावं असंच आहे. नीट लावलेल्या ट्रेलरचे रबर डॉकला पहिल्याच फेरीत टेकले की आजही मला बरं वाटतं.

म्हणून कारखान्यांच्या एचआरमध्ये असलेल्या मित्रांना विनंती आहे. गाडी बॅक होताना मागे शिट्टी घेऊन उभा राहणारा एक शिकवलेला माणूस द्या, रिकामा असेल तो हमाल नको. चालणाऱ्यांसाठी वाट आखा आणि जेवणाच्या सुट्टीत बॅक घेणं बंद ठेवा. माझा स्वतःचा अनुभव असा की हे झालं की गाड्या उलट लवकर लागतात, कारण कुणी घाबरत घाबरत काम करत नाही.

आणि यार्डात काम करणाऱ्या भावांनो, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. काँट्रॅक्टरकडे ते मागा. हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी पदाची ओळ वाचा, आणि तिथे हेल्पर लिहिलं असेल तर सही करण्याआधी हेवी लायसन पुढे ठेवून ती ओळ बदलून घ्या.